विमान हवेत असताना पायलटलाच काही झालं तर? मेडिकल टेस्ट काय पकडते, काय सुटतं आणि आपण सुरक्षित कशामुळे असतो

विमान ३५ हजार फुटांवर आहे आणि कॅप्टनला अचानक हार्ट अटॅक आला, तर पुढे काय होतं? दुसरा प्रश्न त्याहून त्रासदायक आहे. पायलटची दरवर्षी एवढी कडक मेडिकल तपासणी होते म्हणतात, मग असं होतंच कसं?

अशी बातमी आली की दोन प्रकारचे मेसेज फिरायला लागतात. एक म्हणजे "मेडिकल वगैरे सगळं नावाला असतं". दुसरा म्हणजे "पायलट धडाधड मरतायत, काहीतरी लपवलं जातंय". मला दोन्ही चुकीचे वाटतात. मी डॉक्टर नाही, पण यामागचं तंत्र आणि गणित इतकं स्वच्छ आहे की ते आपल्यालाही समजू शकतं. आणि ते समजलं की हातातल्या स्मार्टवॉचकडे आणि घरातल्या "रिपोर्ट नॉर्मल" या शब्दांकडेही तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.

## एकच तारीख, दोन विमानं

पहिलं विमान, १८ जून १९७२. लंडनच्या हीथ्रो विमानतळावरून ब्रिटिश युरोपियन एअरवेजचं ट्रायडेंट विमान ब्रुसेल्सला निघालं. उड्डाणानंतर तीन मिनिटांच्या आत ते स्टेन्स गावाजवळ कोसळलं आणि विमानातले सर्व ११८ जण गेले. तपासात कळलं की विमानाचा वेग पुरेसा नसतानाच पंखांच्या पुढच्या कडेचे भाग, ज्यांना 'ड्रूप' म्हणतात, ते आत घेतले गेले होते. कॅप्टनच्या शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा गंभीर आजार सापडला. एका रक्तवाहिनीच्या आतल्या थराला चीर पडली होती, आणि तीही मृत्यूच्या आधीच्या साधारण दोन तासांत. चौकशी अहवालाने कॅप्टनच्या हृदयाची ही अवस्था अपघाताच्या मूळ कारणांमध्ये धरली. त्याच्या आधीच्या ईसीजी तपासण्यांमध्ये हा आजार दिसलाच नव्हता.

कॅप्टन ५१ वर्षांचे होते. सोबतचे दोन सहवैमानिक होते २२ आणि २४ वर्षांचे. कॅप्टनचं काहीतरी बिघडतंय हे वेळेत ओळखून विमान ताब्यात घेणं त्यांना जमलं नाही. कॉकपिटमधला आवाज टिपणारं रेकॉर्डर त्या विमानात नव्हतं, त्यामुळे आत नेमकं काय बोलणं झालं हे कधीच कळलं नाही. ब्रिटनमध्ये मोठ्या प्रवासी विमानांसाठी हे रेकॉर्डर सक्तीचं झालं ते या अपघातानंतरच.

दुसरं विमान, १८ जून २००९. बरोबर ३७ वर्षांनी, त्याच तारखेला. कॉन्टिनेंटल एअरलाइन्सचं बोइंग ७७७ ब्रुसेल्सहून अमेरिकेतल्या नेवार्कला निघालं होतं. अटलांटिक महासागरावर असताना ६० वर्षांच्या कॅप्टनचा मृत्यू झाला. विमानातल्या एका डॉक्टर प्रवाशाने प्रयत्न केले, पण उपयोग झाला नाही. लांबच्या प्रवासासाठी ठेवलेला राखीव पायलट पुढे येऊन बसला, सहवैमानिकासोबत त्याने विमान नेवार्कला आणलं आणि ते नेहमीसारखं उतरलं. २४७ प्रवाशांपैकी बहुतेकांना काय घडलं ते उतरल्यावरच समजलं.

दोन्ही वेळा कॅप्टनचा आजार मेडिकलमधून निसटला होता. एकदा ११८ जण गेले आणि एकदा एकाही प्रवाशाला ओरखडा आला नाही. हा फरक तपासणीने घडवला नाही. बाजूच्या खुर्चीत कोण बसलंय आणि त्याला काय शिकवलंय, यातून तो आला. या लेखातला मुख्य मुद्दा हाच.

## क्लास १ मेडिकल म्हणजे नेमकं काय?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे 'इकाओ', जगभरासाठी किमान नियम ठरवते. प्रत्येक देश त्यावर आपले नियम बांधतो. भारतात हे काम डीजीसीए करतं. व्यावसायिक पायलटला 'क्लास १' मेडिकल प्रमाणपत्र लागतं. आपल्याकडे आधी क्लास २ आणि मग क्लास १ असा क्रम असतो.

यात साधारण काय तपासतात?

• नजर आणि रंग ओळखण्याची क्षमता
• कान आणि ऐकण्याची चाचणी
• रक्तदाब, रक्त आणि लघवीच्या तपासण्या
• फुप्फुसं, पोट, मज्जासंस्था
• हृदय, आणि त्यासाठी ईसीजी
• मानसिक आरोग्य आणि जुन्या आजारांची माहिती

इकाओच्या नियमानुसार ईसीजी पहिल्या तपासणीत होतो, ३० ते ५० वयात किमान दोन वर्षांतून एकदा आणि पन्नाशीनंतर दरवर्षी. अमेरिकेत वेगळी पद्धत आहे. तिथे पहिल्या श्रेणीच्या मेडिकलसाठी ३५ व्या वर्षी पहिला ईसीजी आणि चाळिशीनंतर दरवर्षी. प्रमाणपत्राची मुदत साधारण १२ महिने असते. वय वाढलं किंवा पायलट एकटाच प्रवासी विमान उडवत असेल तर ती ६ महिन्यांवर येते.

वयाची मर्यादाही आहे. दोन पायलट असलेल्या विमानात ६५ आणि एकटा पायलट असेल तर ६०. हा पाच वर्षांचा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याचं गणित येणार आहे.

भारतात उड्डाणाआधी पायलटची ब्रेथ ॲनालायझर टेस्टही होते. पण ती फक्त दारूसाठी. "आज सकाळी हृदय कसं आहे" हे सांगणारं कुठलंही मशीन विमानतळावर नसतं.

## ईसीजी काय बघतो आणि काय बघत नाही

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून एक साधी तुलना करू. घरात पाण्याचे पाइप असतात आणि विजेची वायरिंग असते. हृदयातही दोन्ही आहेत. रक्तवाहिन्या म्हणजे पाइप. ठोके चालवणारी विद्युत यंत्रणा म्हणजे वायरिंग.

पाइप तुंबला की हृदयाच्या स्नायूला रक्त मिळत नाही. तो हार्ट अटॅक. वायरिंग बिघडून हृदय नीट आकुंचन पावणंच बंद झालं की तो कार्डिॲक अरेस्ट. अरेस्टमध्ये माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. हार्ट अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, पण दोन्ही एक नाहीत. बातम्यांमध्ये मात्र दोन्ही शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात.

आता ईसीजी. छातीवर आणि हातापायांवर मिळून १० इलेक्ट्रोड लावतात आणि हृदयातल्या विजेकडे १२ कोनांतून बघतात. नेहमीची नोंद साधारण १० सेकंदांची असते. यात वायरिंगचे बरेच दोष दिसतात. अनियमित ठोके, जन्मजात जादा विद्युत मार्ग, संदेश पोहोचायला होणारा उशीर, वगैरे. पूर्वी होऊन गेलेल्या हार्ट अटॅकच्या खुणाही दिसू शकतात.

पण पाइपच्या भिंतीत साठलेली चरबी, म्हणजे 'प्लाक', ईसीजीला थेट दिसत नाही. माणूस शांत झोपलेला असताना अर्धवट अरुंद झालेल्या रक्तवाहिनीतूनही पुरेसं रक्त जातं, त्यामुळे रेघ एकदम छान येते. आणि खरा दगा इथेच आहे. बरेच हार्ट अटॅक अशा प्लाकमुळे येतात ज्याने रक्तवाहिनी निम्मीसुद्धा अडवलेली नसते. तो प्लाक अचानक फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि काही मिनिटांत रस्ता बंद होतो. काल केलेला ईसीजी आज फुटणाऱ्या प्लाकबद्दल काय सांगणार?

ऑक्टोबर २०२४ मध्ये टर्किश एअरलाइन्सचं एअरबस ए३५० सिएटलहून इस्तंबूलला जात होतं. ५९ वर्षांचे कॅप्टन वाटेतच कोसळले. बाकीच्या पायलटनी विमान न्यूयॉर्कला उतरवलं, पण कॅप्टनचा त्याआधीच मृत्यू झाला होता. कंपनीने सांगितलं की मार्चमध्येच त्यांची नियमित तपासणी झाली होती आणि त्यात काही सापडलं नव्हतं. यावरून तपासणी खोटी होती असं ठरत नाही. मार्चमधली तपासणी फक्त मार्चमध्ये दिसू शकलं तेवढंच सांगते.

## मग सगळ्यांचीच मोठी टेस्ट का करत नाहीत?

ट्रेडमिलवर पळवून करतात ती टीएमटी, सीटी स्कॅन, अँजिओग्राफी, हे सगळं उपलब्ध आहे. मग प्रत्येक पायलटची दरवर्षी का नाही? खर्च हे एक कारण आहे, पण ते मुख्य नाही. मुख्य कारण गणितात आहे.

समजा १०,००० पायलट आहेत, वरवर सगळे निरोगी. त्यातल्या १ टक्क्याला, म्हणजे १०० जणांना खरोखर हृदयाचा आजार आहे. हे आकडे फक्त उदाहरणासाठी धरतोय. टीएमटी खऱ्या रुग्णांपैकी साधारण ७० टक्के पकडते आणि निरोगी लोकांपैकी साधारण ८० टक्क्यांना "नॉर्मल" म्हणते, असं धरू. वास्तवातली कामगिरी याच्या आसपासच असते.

• १०० रुग्णांपैकी ७० सापडले, ३० सुटले.
• ९,९०० निरोगी लोकांपैकी १,९८० जणांना उगाच "गडबड आहे" असा शेरा मिळाला.
• एकूण २,०५० जणांचा रिपोर्ट वाईट आला आणि त्यात खरे आजारी ७०. म्हणजे शंभरात तीन-चार.

आता या १,९८० लोकांचं काय करायचं? त्यांचं उड्डाण थांबणार, पुढच्या तपासण्या होणार, काहींची अँजिओग्राफी होणार, आणि अँजिओग्राफीलाही थोडा धोका असतोच. एवढं करून ३० खरे रुग्ण "तुम्ही ठणठणीत" असा कागद घेऊन कॉकपिटमध्ये बसणारच.

म्हणून शहाणी पद्धत अशी की आधी धोका मोजायचा. वय, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, सिगारेट, घरातला इतिहास. ज्यांचा धोका जास्त त्यांनाच पुढची टेस्ट द्यायची. तिथे तीच टेस्ट जास्त खरी ठरते, कारण त्या गटात खरे रुग्णच जास्त असतात. आपल्याकडे तर हे लवकर सुरू करायला हवं. 'इंटरहार्ट' या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियाई लोकांमध्ये पहिला हार्ट अटॅक येण्याचं वय ५३ निघालं. बाकी देशांत ते जवळपास ५९ होतं.

## एक टक्क्याचा नियम

मेडिकलचं ध्येय "कुठल्याही पायलटला कधीच काही होणार नाही" असं नसतं. तसं ठरवलं तर एकही पायलट पास होणार नाही, कारण शून्य धोका असलेला माणूस अस्तित्वातच नाही. म्हणून विमान वैद्यकशास्त्राने एक रेघ आखली. पुढच्या एका वर्षात पायलट अचानक निकामी होण्याची शक्यता साधारण १ टक्क्यापर्यंत असेल, तर दोन पायलटच्या विमानात त्याला उडू देता येतं.

शंभरात एक? ऐकायला भयंकर वाटतं. पण पुढचं बघा.

१. वर्षात ८,७६० तास असतात, हिशोबासाठी १०,००० धरू. वर्षाला १ टक्का म्हणजे तासाला १० लाखांत १.

२. विमान कमी उंचीवर असतं, चुकीला जागा नसते, असा टेकऑफ आणि लँडिंगचा काळ साधारण १० टक्के धरला जातो. आता शक्यता झाली १ कोटीत १.

३. त्या नाजूक क्षणीसुद्धा दुसरा पायलट बहुतेक वेळा विमान सावरतो. सिम्युलेटरमधल्या प्रयोगांवरून असं धरलं गेलं की १०० पैकी फक्त एखाद्या वेळी ते जमणार नाही. आता शक्यता १०० कोटी तासांत १.

विमानाचा एखादा महत्त्वाचा भाग बिघडून सर्वनाश होण्याची जी कमाल शक्यता डिझाइन करताना चालवून घेतात, तीही याच पातळीची आहे. म्हणजे पायलटचं शरीर हा विमानाचाच एक 'पार्ट' धरला, तर तोही इंजिनाच्या मापाने मोजला गेला.

आता तिसरी पायरी पुसून टाका. दुसरा पायलट नाही. मग टेकऑफ असो की आकाशाचा मध्य, पायलट गेला की विमान गेलं. शक्यता परत १० लाखांत १, म्हणजे हजारपट वाईट. एकट्या पायलटची वयोमर्यादा ६० आणि दोघांची ६५ का, याचं उत्तर इथे मिळतं.

याच हिशोबामुळे अँजिओप्लास्टी झालेला पायलटही काही देशांत परत उडू शकतो. युरोपात ठराविक महिने थांबून, तपासण्या पास करून त्याला "फक्त दुसऱ्या पात्र पायलटसोबत" अशा अटीचं प्रमाणपत्र मिळतं.

## कॉकपिटमध्ये प्रत्यक्षात काय करतात?

पायलट निकामी होणं म्हणजे दरवेळी हार्ट अटॅक नसतो. सगळ्यात जास्त वेळा कारण असतं पोट. उलटी, जुलाब, अन्नातून विषबाधा. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा संस्थेने २०१० ते २०१४ च्या नोंदी तपासल्या तेव्हा वर्षाला सरासरी २३ घटना निघाल्या. मोठ्या प्रवासी विमानांत पोटाचे विकार पहिल्या नंबरवर होते आणि त्यानंतर जमिनीवरून मारलेले लेझर. हो, तेच हिरवे लेझर जे लोक मजा म्हणून विमानावर मारतात! पोटाच्या भीतीमुळेच अनेक कंपन्यांत दोन्ही पायलटना वेगवेगळं जेवण देतात.

दुसऱ्या पायलटला शिकवलेली पद्धत थोडक्यात अशी:

• दोनदा बोलून उत्तर आलं नाही, किंवा विमान ठरलेल्या मार्गावरून वा वेगावरून हलतंय आणि विचारल्यावरही प्रतिसाद नाही, तर समोरचा निकामी झालाय असंच समजा. वाट बघू नका.
• आधी विमान ताब्यात घ्या आणि ऑटोपायलट चालू आहे ना ते पाहा.
• केबिन क्रूला बोलवा. बेशुद्ध पायलटला कंट्रोल्सपासून मागे ओढून पट्ट्याने खुर्चीत नीट बांधा, म्हणजे तो पुढे कोसळणार नाही.
• एटीसीला आणीबाणी कळवा, जवळचा योग्य विमानतळ निवडा, रुग्णवाहिका तयार ठेवायला सांगा.

पूर्ण कोसळलेला माणूस लगेच लक्षात येतो. अवघड असतो तो अर्धवट निकामी झालेला. डोळे उघडे, बसलेला नीट, पण डोकं चालत नाही. त्यात तो सिनियर असेल तर ज्युनियर बोलायला कचरतो. स्टेन्ससारख्या अपघातांनंतर, विशेषतः १९८० च्या दशकापासून, पायलटना एकत्र काम करण्याचं जे प्रशिक्षण मिळू लागलं त्यात हीच भीड मोडायला शिकवतात. "साहेबांना कसं टोकायचं" हा विचार कॉकपिटमध्ये जीव घेऊ शकतो.

## नागपूरची घटना आणि फिरणारे फॉरवर्ड

१७ ऑगस्ट २०२३ ला नागपूर विमानतळावर एक पायलट बोर्डिंग गेटजवळ कोसळला आणि त्याचा मृत्यू झाला. तो नागपूर-पुणे विमान घेऊन निघणार होता. डीजीसीएच्या माहितीनुसार त्याला आधी २७ तासांची विश्रांती मिळालेली होती. त्याच आठवड्यात आणखी दोन घटना घडल्या. मायामीहून चिलीला जाणाऱ्या विमानाचे ५६ वर्षांचे कॅप्टन वाटेत कोसळले, सहकाऱ्यांनी विमान पनामात उतरवलं, पण ते वाचले नाहीत. दिल्लीहून दोहाला निघालेला एक पायलट प्रवाशाच्या सीटवर असताना गेला. एप्रिल २०२५ मध्ये श्रीनगरहून दिल्लीला आलेल्या विमानाचा एक तरुण पायलट लँडिंगनंतर आजारी पडून गेला.

एका आठवड्यात तीन म्हटल्यावर फॉरवर्ड सुरू झाले. पण नीट बघा. ऑगस्टच्या तीन जणांपैकी प्रत्यक्ष विमान उडवण्याच्या ड्युटीवर हवेत असलेला एकच होता, आणि ते विमानही सुखरूप उतरलं. लाखो पायलट जगभर काम करतात, त्यांनाही इतरांसारखे आजार होतात. कधी घटना विखुरलेल्या असतात, कधी एकाच आठवड्यात येतात.

दुसरा फॉरवर्ड असा की अमेरिकेच्या एफएएने "लशीमुळे पायलटची हृदयं बिघडली म्हणून गुपचूप ईसीजीचे नियम सैल केले". खरं काय आहे? ऑक्टोबर २०२२ मध्ये एफएएने ईसीजीतल्या 'पीआर इंटरव्हल' या मापाची मर्यादा २०० वरून ३०० मिलीसेकंद केली. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्याकडे विजेचा संदेश पोहोचायला लागणारा हा वेळ आहे. तो थोडा लांबला आणि बाकी त्रास काहीच नसेल तर सहसा धोका नसतो, खूप व्यायाम करणाऱ्यांमध्येही तसं दिसतं. त्यासाठी निरोगी पायलटना जादा तपासण्यांच्या फेऱ्या मारायला लागू नयेत म्हणून हा बदल झाला. लशीच्या दुष्परिणामामुळे पायलट निकामी होऊन अपघात झाल्याचा पुरावा नाही, असंही एफएएने स्पष्ट सांगितलं आहे.

## खरी पळवाट मशीनमध्ये नाही

आता एक कटू गोष्ट. मेडिकलचा मोठा भाग प्रश्नावलीवर चालतो. छातीत दुखतं का? औषधं चालू आहेत का? झोप लागते का? उत्तर पायलटने द्यायचं असतं, आणि खरं उत्तर दिलं तर लायसन्स थांबण्याची भीती असते. कर्ज काढून कोर्स केलेला आहे, ईएमआय चालू आहेत. तुम्ही त्या जागी असता तर?

२२ एप्रिल १९६६ ला अमेरिकेत ओक्लाहोमातल्या आर्डमोरजवळ सैनिकांना घेऊन जाणारं विमान लँडिंगच्या वेळी कोसळलं. ९८ पैकी ८३ जण गेले. कॅप्टनला हृदयविकाराचा झटका आला होता. तो स्वतः त्या कंपनीचा अध्यक्ष होता आणि त्याने मेडिकलच्या अर्जात आपला हृदयविकार लपवला होता.

२४ मार्च २०१५ चा जर्मनविंग्जचा अपघात तुम्हाला आठवत असेल. १५० जण गेले. सहवैमानिकाने आपला मानसिक आजार कंपनीपासून लपवला होता. त्यानंतर युरोपात पायलटना नोकरीवर घेण्याआधी मानसिक मूल्यमापन आणि सहकाऱ्यांच्या मदतीचे कार्यक्रम सक्तीचे झाले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात अमेरिकेतल्या ३,७६५ पायलटपैकी ५६ टक्क्यांनी मान्य केलं की लायसन्सच्या भीतीने त्यांनी कधी ना कधी डॉक्टरकडे जाणं टाळलं किंवा माहिती दडवली.

म्हणून मला वाटतं, नुसत्या कडक शिक्षेने विमान सुरक्षित होत नाही. आजार सांगणाऱ्याला उपचार घेऊन परत कामावर यायचा रस्ता दिसला, तरच तो सांगेल.

## तुमच्या मनगटावरचं घड्याळ

"मग पायलटना स्मार्टवॉचच द्या की!" असं कुणीही म्हणेल. घड्याळाचा ईसीजी साधारण ३० सेकंदांचा आणि एकाच कोनातून घेतलेला असतो. दवाखान्यात १२ कोन असतात. घड्याळ एट्रियल फिब्रिलेशनसारखे अनियमित ठोके ओळखायला चांगलं आहे. पण हार्ट अटॅक ते ओळखत नाही, आणि ॲपलच्या ईसीजी ॲपमध्येच तसं लिहिलेलं असतं. ॲपलच्या हृदय अभ्यासात ४ लाखांहून जास्त लोक होते आणि त्यातल्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांनाच अनियमित नाडीची सूचना आली. तरुण, निरोगी गटात असंच होतं.

छातीत दाब वाटतोय, घाम फुटलाय, हात किंवा जबडा दुखतोय, तर घड्याळ काय म्हणतंय ते बघत बसू नका. थेट दवाखाना.

## एक पायलट कमी केला तर?

सध्याचा खरा वाद इथे आहे. लांबच्या प्रवासात विमान स्थिर उंचीवर असताना कॉकपिटमध्ये एकच पायलट ठेवायचा आणि दुसऱ्याने झोपायचं, असा प्रस्ताव पुढे आला. बाजू मांडणारे म्हणतात, तंत्रज्ञान तयार होतंय. त्यात तथ्य आहे. गार्मिनच्या 'ऑटोलँड'ला २०२० मध्ये छोट्या विमानांसाठी मान्यता मिळाली. प्रवाशाने एक बटण दाबलं की विमान स्वतः विमानतळ निवडतं, एटीसीला कळवतं आणि उतरतं. एअरबसने २०२३ च्या सुरुवातीला 'ड्रॅगनफ्लाय' प्रकल्पात ए३५० वर अशाच आपत्कालीन यंत्रणेच्या चाचण्या दाखवल्या.

पण युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेने या विषयावर अभ्यास करून घेतला आणि २०२५ मध्ये निष्कर्ष आला की आजच्या कॉकपिटमध्ये एका पायलटने तेवढीच सुरक्षितता राहते असं सिद्ध करता येत नाही. पायलट निकामी होणं हा त्यातला एक मोठा मुद्दा होता.

वरचं तीन पायऱ्यांचं गणित आठवा. मेडिकल आपल्याला १० लाखांपर्यंत नेते. तिथून १०० कोटींपर्यंत जाताना दुसऱ्या पायलटला वगळून चालत नाही. त्याच्या जागी मशीन आणायचं असेल, तर त्या मशीननेही शंभरात नव्व्याण्णव वेळा विमान सावरून दाखवायला हवं, आणि तेसुद्धा सगळ्यात वाईट क्षणी. तोपर्यंत मी तरी दोन पायलट असलेल्या विमानाचंच तिकीट काढीन.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दोन्ही पायलट एकदम आजारी पडले तर?
हृदयविकाराने एकाच वेळी दोघे निकामी होणं जवळपास अशक्य. अन्नातून होऊ शकतं, म्हणून वेगळं जेवण.

ऑटोपायलट विमान उतरवू शकतो ना?
मोठी विमानं योग्य उपकरणं असलेल्या धावपट्टीवर आपोआप उतरू शकतात, पण ते सगळं सेट करून लक्ष ठेवायला पायलट लागतोच.

विमानात कार्डिॲक अरेस्टवर उपाय असतो का?
अनेक विमानांत एईडी हे शॉक देणारं यंत्र असतं. अमेरिकेच्या मोठ्या प्रवासी विमानांत ते २००४ पासून सक्तीचं आहे. अरेस्टनंतर शॉकशिवाय जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणून सीपीआर शिकून घ्या. फोन वापरायला शिकलात त्यापेक्षा कमी वेळ लागतो!

मला पायलट व्हायचंय, चष्मा आहे. चालेल?
चष्म्याने नजर ठरलेल्या मापात येत असेल तर बहुतेकदा चालतं. कोर्सची फी भरण्याआधी मेडिकल करून घ्या.

## थोडक्यात

मेडिकल ही चाळणी आहे. मोठे खडे ती अडवते, बारीक खडे सुटतात, आणि ती कितीही बारीक केली तरी काही सुटणारच. ते सुटतील हे धरूनच बाजूच्या खुर्चीत दुसरा माणूस बसवलेला असतो.

घरीही हेच लक्षात ठेवा. बाबांचा ईसीजी नॉर्मल आला म्हणजे त्यांची बीपीची गोळी, रोजचं चालणं आणि सोडायची राहिलेली सिगारेट यातलं काहीही माफ झालं नाही. रिपोर्ट नॉर्मल असूनही त्यांना त्रास होत असेल, तर रिपोर्टवर नको, त्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवा आणि लगेच डॉक्टरकडे घेऊन जा.